व्यावसायिक अहवाललेखनात लुकअप सूत्रांचा वापर : एक विवेचन

प्रस्तावना :
व्यवसायातील सर्व माहिती एकाच तक्त्यात क्वचितच असते. विक्रीच्या नोंदी एका तक्त्यात, तर वस्तूंचे दर दुसऱ्या तक्त्यात असतात. समान सांकेतांकाच्या आधारे हे तक्ते जोडून अहवाल सिद्ध करण्याचे कार्य लुकअप सूत्रे करतात. १९७९ साली आलेल्या व्हिसीकॅल्क या स्प्रेडशीटमध्येही अशी सोय होती. एक्सेलमधील व्हीलुकअप हे या सूत्रांपैकी सर्वाधिक परिचित होय. त्याच्या वापरात उद्भवणाऱ्या त्रुटींचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सूत्राचे स्वरूप :
व्हीलुकअपला चार बाबी सांगाव्या लागतात : शोधावयाचे मूल्य, तक्त्याची व्याप्ती, उत्तराच्या स्तंभाचा क्रमांक आणि जुळणीचा प्रकार. चौथी बाब वगळल्यास एक्सेल निकटतम जुळणी गृहीत धरते. तंतोतंत जुळणीसाठी तेथे 'फॉल्स' लिहावे लागते.

समजा, दरपत्रकात १०१, १०३ व १०५ या सांकेतांकांचे दर अनुक्रमे ४०, ५५ व ७० रुपये आहेत. १०४ क्रमांकाच्या २०० नगांची विक्री झाली. मात्र तिचा ९० रुपये हा दर नोंदवावयाचा राहिला. निकटतम जुळणीत सूत्र १०३ चा दर घेते आणि अहवालात १८,००० ऐवजी ११,००० रुपये येतात. ७,००० रुपयांच्या या तफावतीची कोणतीही सूचना मिळत नाही. तंतोतंत जुळणीत मात्र 'एन/ए' असा दोषसंकेत दिसतो व उणीव लक्षात येते.

निकटतम जुळणी सर्वस्वी त्याज्य नव्हे. ५०,००० रुपयांपासून ३ टक्के व १,००,००० रुपयांपासून ५ टक्के असे कमिशनचे टप्पे असल्यास ७२,००० रुपयांच्या विक्रीस ३ टक्के दर तीच शोधून देते. त्यासाठी पहिला स्तंभ चढत्या क्रमाने असणे आवश्यक आहे.

अन्य मर्यादा :
तक्त्यात मध्येच नवा स्तंभ घातल्यास सूत्रात लिहिलेला स्तंभक्रमांक बदलत नाही, त्यामुळे भलत्याच स्तंभातील मूल्य येते. इंडेक्स व मॅच यांच्या एकत्रित वापराने हा दोष टळतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या एक्सलुकअपमध्येही स्तंभक्रमांक द्यावा लागत नाही. शिवाय त्यात तंतोतंत जुळणीच गृहीत धरलेली आहे. मात्र सांकेतांक दोनदा नोंदला गेल्यास तंतोतंत जुळणीत सामान्यतः पहिलेच मूल्य मिळते, हे ध्यानात ठेवावे.

अहवाल नीटनेटका दिसावा म्हणून इफएरर सूत्राने दोषसंकेताच्या जागी शून्य दर्शविण्याची पद्धत विशेष घातक आहे. त्यामुळे न सापडलेली वस्तू आणि न झालेली विक्री यांतील भेदच नाहीसा होतो. शून्याऐवजी 'दर उपलब्ध नाही' असा मजकूर देणे श्रेयस्कर.

निष्कर्ष :
दिसणाऱ्या दोषापेक्षा न दिसणारे चुकीचे उत्तर अधिक हानिकारक असते. म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सूत्राच्या रचनेबरोबरच जुळणीचा प्रकार तपासणे, दुबार सांकेतांक शोधणे आणि अहवालातील बेरीज मूळ नोंदींशी पडताळणे यांचाही सराव देणे आवश्यक ठरते.