दारावर डकवलेले समन्स

भरवस्तीतील एखाद्या घरात रात्रंदिवस भट्टी पेटलेली असते, धुराने शेजारची मुले खोकत असतात आणि घराचा मालक मात्र परगावी राहतो. अशा सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९१ व्या कलमान्वये दोन किंवा अधिक व्यक्तींना न्यायालयाच्या परवानगीने दावा लावता येतो. आपले विशेष नुकसान झाले असे दाखविण्याची अट नाही. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी याकरिता महाधिवक्त्याची लेखी संमती लागे.

दावा दाखल झाला म्हणजे भट्टी विझली असे मात्र नव्हे. तातडीच्या मनाई हुकमाची गोष्ट निराळी. एरवी प्रतिवादीवर समन्स बजावल्यावाचून दावा पुढे सरकत नाही, आणि उपद्रव करणारा नेमका हाती लागत नाही. बेलिफ दारी येतो तेव्हा ‘मालक बाहेर गेलेत’ असे उत्तर मिळते. मालक लवकर भेटण्याचा संभव नसेल आणि त्याचा अधिकृत प्रतिनिधीही नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीच्या हाती समन्स देता येते. घरगडी मात्र कुटुंबीय गणला जात नाही. वर्गात एकाची हजेरी दुसऱ्याने दिलेली जशी चालत नाही, तसेच हे.

पूर्वी ही प्रौढ व्यक्ती पुरुषच असावी लागे. घरात कर्ती स्त्री उभी असूनही बेलिफाने कागद परत न्यावा, हा प्रकार मला तरी अजब वाटतो! दिवाणी कायद्यातून ही अट १९७६ च्या दुरुस्तीने गेली. दंडाधिकाऱ्याकडून उपद्रव दूर करविण्याचा दुसरा मार्ग आहे. त्याचा हुकूमही समन्साप्रमाणेच बजावतात. तेथे ही अट नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात येईपर्यंत टिकून होती.

योग्य तो प्रयत्न करूनही मालक सापडला नाही, किंवा त्याने सही नाकारली, तर बेलिफ समन्साची प्रत बाहेरील दारावर डकवतो. घर कोणी दाखविले, प्रत कोणासमक्ष लावली, हे त्याने नावपत्त्यासह अहवालात लिहावयाचे असते. येथे हयगय झाली, तर वर्ष-दोन वर्षांनी मालक उभा राहून ‘मला कळलेच नाही’ म्हणतो, आणि मिळालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊ शकतो. भट्टी पुन्हा पेटते. तारखेची माहिती त्याला वेळेवर होती असे दिसले, तर मात्र केवळ बजावणीतील किरकोळ चुकीचा आधार त्याला मिळत नाही.

मालक मुद्दाम तोंड चुकवीत आहे अशी न्यायालयाची खात्री पटली, तर त्याच्या शेवटच्या ज्ञात वस्तीच्या भागात खपणाऱ्या दैनिकात समन्स छापविता येते. बारीक टाइपातील ज्या नोटिसा आपण न वाचता पान उलटतो, त्यांपैकी काही याच असतात.