खेकड्याचं नाव, पोलॉकचा पैसा

अलास्कातल्या अँकरेजपासून नैर्ऋत्येला सुमारे १,३०० किलोमीटर गेलं की उनालास्का लागतं. तिथवर रस्ता जात नाही. छोटी विमानं वारा आणि धुकं परवानगी देतील तशी उतरतात आणि उन्हाळ्यात एक फेरीबोट अधूनमधून येते. २०२०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या होती ४,२५४. या गावाचं बंदर म्हणजे डच हार्बर. उतरवलेल्या मासळीच्या वजनात ते १९९७पासून वर्षानुवर्षं अमेरिकेत पहिलं राहिलं आहे.

कारण भूगोलातच आहे. बंदर खोल आहे, हिवाळ्यातही गोठत नाही आणि बेरिंग समुद्राची मासळी दाराशीच आहे. हे स्थान सैन्यालाही मोलाचं वाटलं. जून १९४२मध्ये जपानी विमानांनी इथे बाँब टाकले. त्यानंतर अमेरिकी सरकारने मूळच्या उनांगन लोकांना घरं सोडायला लावून आग्नेय अलास्कातल्या मासळी डबाबंद करण्याच्या ओसाड कारखान्यांमध्ये (कॅनरींमध्ये) डांबलं. तिथे अनेकजण आजाराने दगावले. बंदराच्या गौरवगाथांत हे प्रकरण दोन ओळींत उरकलं जातं.

डच हार्बरची कीर्ती मात्र खेकड्याची. १९८०मध्ये ब्रिस्टल उपसागरातून सुमारे १३ कोटी पौंड लाल किंग क्रॅब निघाला. लगेच साठा कोसळला आणि १९८३मध्ये हंगामच बंद ठेवावा लागला. पुढे हंगाम उघडले, पण दिवसांत मोजावे इतके छोटे. ठरलेला कोटा संपेपर्यंत जो जास्त ओढेल त्याचा माल, म्हणून वादळातही बोटी निघत आणि माणसं बुडत. २००५मध्ये प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून देण्यात आला आणि ती जीवघेणी शर्यत थांबली. त्याचबरोबर बोटींची संख्याही निम्म्याहून खाली आली. कितीतरी खलाशांचं काम गेलं. सुरक्षिततेची ही किंमत रास्त होती, पण ती भरली बोटीवरच्या माणसांनी. याच धंद्यावरची ‘डेडलिएस्ट कॅच’ ही टीव्ही मालिकाही त्याच वर्षी सुरू झाली.

गाव चालतं ते पोलॉक या साध्या पांढऱ्या माशावर. त्याचे दोन हंगाम. पहिला २० जानेवारीला सुरू होतो. तेव्हा मादी गाभोळीने भरलेली असते आणि गाभोळीला जपान-कोरियात चांगला भाव मिळतो. दुसरा १० जूनपासून १ नोव्हेंबरपर्यंत. हंगाम लागला की कारखान्यांची वसतिगृहं भरतात. कामगारांत फिलिपिनो पुष्कळ. माशाची फिलेट निघतात, नाहीतर सुरिमी, म्हणजे माशाचा लगदा होतो. नकली खेकड्याच्या कांड्या याच सुरिमीच्या. आपल्या रत्नागिरीतही सुरिमी बनते, फक्त मासे वेगळे.

समुद्र तापला आणि खेकड्याचा हिशोब पुन्हा बिघडला. २०१८-१९च्या उष्ण लाटेनंतर बेरिंगमधले अब्जावधी स्नो क्रॅब नाहीसे झाले. संशोधकांच्या मते बहुधा उपासमारीने, कारण कोमट पाण्यात खेकड्याची भूक वाढते. २०२२मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात प्रथमच रद्द झाला. लाल किंग क्रॅबचाही सलग दुसऱ्या वर्षी बंद राहिला. २०२३मध्ये किंग क्रॅबची मासेमारी पुन्हा उघडली. कोटा होता जेमतेम साडेएकवीस लाख पौंड, १९८०च्या दोन टक्क्यांहूनही कमी.