साखर उतरली, पण का?

पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह. गोळ्या त्याच, जेवण तेच, पथ्य नेहमीइतकंच ढिलं. आणि तरीही साखर एकाएकी उतरते. घरच्यांना पेढे वाटावेसे वाटतात. कुणी कारल्याच्या रसाला श्रेय देतं, कुणी शेजारणीनं सुचवलेल्या काढ्याला. मुरलेला डॉक्टर मात्र आधी मूत्रपिंडांची हालत सांगणारं क्रिएटिनिन तपासायला सांगतो.

कारण रक्तातलं इन्सुलिन निकालात काढायचं काम बऱ्याच प्रमाणात मूत्रपिंडं करतात. ती थकली की इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं. ग्लिबेनक्लामाइडसारख्या जुन्या गोळ्यांचा अंशही साचत जातो. कालपर्यंत बेताचा असलेला डोस आता जास्त होतो आणि एखाद्या पहाटे माणूस घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही इथे दगा देऊ शकते. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. उलट लोह कमी असलेल्या बाईचा तोच आकडा उगाच चढलेला येतो. म्हणजे एका आजाराचा रिपोर्ट वाचायलाही दुसरा आजार ठाऊक असावा लागतो.

मूत्रपिंडं बिघडवण्यात मधुमेह आणि रक्तदाब आघाडीवर, हे आता बहुतेकांना माहीत असतं. गुडघ्यांचा हात त्यात असू शकतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बीपीसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असतं, जोडीला लघवी वाढवणारी गोळी. गुडघे धरले की हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डायक्लोफेनॅक येतं. मूत्रपिंडातल्या गाळणीला रक्त गाळायला दाब लागतो. वेदनाशामक गोळी आत येणारी रक्तवाहिनी आकसवते, बीपीची गोळी बाहेर जाणारी सैल करते आणि लघवीची गोळी अंगातलं पाणीच कमी करते. तिन्हीकडून दाब घटतो. त्यात मे महिन्याचं ऊन किंवा दोन दिवसांचे जुलाब, की क्रिएटिनिन चढलंच म्हणून समजा. हाडांचे डॉक्टर चुकले नाहीत, बीपीचे डॉक्टरही नाहीत. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबरच होती.

हाच पेच २००५ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी 'जामा' या नियतकालिकात मांडला. त्यांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली. तिला मधुमेह, उच्च रक्तदाब, सांध्यांची झीज, ठिसूळ हाडं आणि फुफ्फुसांचा जुनाट विकार. पाचही आजारांच्या मार्गदर्शिका जशाच्या तशा पाळल्या तर तिला १२ औषधं लागत होती, महिन्याला ४०६ डॉलर खर्चून. पथ्य आणि व्यायामाची यादी वेगळीच. मार्गदर्शिका बहुधा एकेका आजारासाठी लिहिल्या जातात, आणि अनेक आजार असलेल्यांना औषधांच्या चाचण्यांमधून बरेचदा आधीच वगळलेलं असतं.

हे केवळ म्हातारपणाचं दुखणं, असंही नाही. स्कॉटलंडमध्ये सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात, सर्वांत गरीब वस्त्यांतल्या लोकांना एकाहून अधिक जुनाट आजार सुखवस्तू वस्त्यांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधीच गाठताना दिसले. शरीराच्या आजारांसोबत मनाचा आजार जडण्याचं प्रमाणही गरिबांत अधिक होतं. औदासीन्यानं ग्रासलेला माणूस इन्सुलिनची वेळ कुठून पाळणार?

मग काय सोडायचं, काय ठेवायचं, हे ठरवायला कुणीतरी एक जण लागतो. एरवी एचबीए१सी सातच्या खाली आणा म्हणणारे डॉक्टर अनेक आजार असलेल्या वृद्धांना ती आठपर्यंत चालवून घेतात, कारण त्या वयात साखर घसरून पडणं आणि खुबा मोडणं जास्त महागात पडतं. सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारा हा माणूस पूर्वी फॅमिली डॉक्टर असायचा. आज तो नसेल, तर निदान फाइल तरी एकच ठेवावी आणि घरातली सगळी पाकिटं, चूर्णं, तेलं एका पिशवीत घालून फिजिशियनपुढे ओतावीत. नुसत्या तोंडी माहितीवर भागत नाही. 'पेनकिलर घेता का?' असं विचारलं की कितीतरी जण नाही म्हणतात. 'गुडघ्यासाठी काय घेता?' असंच विचारावं लागतं.