आठ की ऐंशी?

डमडमचं नाव मराठी घरांत पोचलं ते बहुधा तबकडीवरून. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या या उपनगरात ग्रामोफोन कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि पुढं कित्येक दशकं एच.एम.व्ही.ची मराठी नाट्यगीतं, भावगीतं, अभंग इथं छापले जाऊन महाराष्ट्रात येत राहिले. त्याआधीची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. नोव्हेंबर १९०२मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण करत होते, तेव्हा गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव सांगून मोकळी होई. हा काही तिचा नखरा नव्हता. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना ना ठुमरी कळत होती, ना हिंदुस्थानी. लेबलवर कोणाचं नाव घालायचं, हे त्यांना आवाज ऐकूनच ठरवावं लागे.

न कळणारा आवाज दूरच्या देशात ऐकून कागदावर अचूक नाव उतरवायचं, हा उद्योग पुढं उलट दिशेनं भारतात आला. फरक इतकाच, की आता बोलणारा अमेरिकेतला डॉक्टर होता आणि चुकीच्या लेबलाची किंमत रुग्ण मोजणार होता.

एडिसनच्या मनात खरं तर आधी हेच काम होतं. १८७८ साली त्यानं आपल्या नव्या फोनोग्राफचे संभाव्य उपयोग लिहून काढले, तेव्हा यादीत पहिला मान पत्रलेखन आणि डिक्टेशनला होता, संगीत चौथं. बाजारानं हा क्रम फिरवला. गाणं दिवाणखान्यात गेलं आणि मेणाच्या नळकांड्यावर बोलण्याचं यंत्र ऑफिसात. १९०७मध्ये कोलंबिया कंपनीनं त्या यंत्रासाठी ‘डिक्टाफोन’ हे नाव नोंदवलं. पुढं मेण गेलं, छोट्या कॅसेटी आल्या, मग टेलिफोनवरून डिक्टेशन, मग डिजिटल फाइल. डॉक्टरांची सवय मात्र बदलली नाही: रुग्ण तपासायचा, यंत्रात बोलायचं आणि पुढच्या रुग्णाकडं वळायचं. लिहिणारं कोणीतरी असतंच.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट; या धंद्यात सगळे म्हणतात ‘एम.टी.’. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, समोर स्क्रीन. पेडल दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. पुन्हा दाबलं की फाइल आपोआप सेकंद-दोन सेकंद मागं जाऊन सुरू होते, म्हणजे तुटलेला शब्द निसटत नाही. सुरुवातीला डॉक्टर स्वतःचं नाव, रुग्णाचं नाव, त्याचं स्पेलिंग, नोंदणी क्रमांक, तारीख आणि अहवालाचा प्रकार सांगतो. किमान सांगायला तरी हवं. प्रत्यक्षात कोणी गाडी चालवताना बोलतो, कोणी तोंडात सँडविच घेऊन. मागं पेजर वाजतो, नर्स हाक मारते, लिफ्टची घंटी होते. हृदयाचे ठोके, फुप्फुसाचे आवाज, पोट मऊ, यकृत-प्लीहा हाताला लागत नाही, ही रोजची नॉर्मल तपासणी डॉक्टर एका श्वासात म्हणून टाकतो. मग मध्येच, ‘थांबा, मागं जा, डावा गुडघा म्हणायचं होतं.’ आता मागं तीन ठिकाणी उजवा टाइप झालेला आहे. तीनही बदलायचे, की त्यातला एक खरंच उजवा होता?

नवख्या माणसाला वाटतं, अडचण अवघड शब्दांची असेल. तसं नसतं. लांबलचक लॅटिन नाव एकदा ऐकलं, कोशात सापडलं, की कायमचं आपलं होतं. घात करतात ते ओळखीचे शब्द. हायपरटेन्शन आणि हायपोटेन्शन: एकात रक्तदाब चढलेला, दुसऱ्यात उतरलेला, आणि दोन्हींत फरक घाईत गिळल्या जाणाऱ्या एका अक्षराचा. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यात दोष. आणि पक्षाघाताच्या एकाच रुग्णाला दोन्ही असू शकतात, त्यामुळं संदर्भही मदतीला येत नाही. इलियम आतड्यातही आहे आणि कंबरेच्या हाडातही. उच्चार तोच, स्पेलिंगात एका स्वराचा फेर. हात शरीरापासून दूर नेणं आणि जवळ आणणं यांसाठीचे अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडक्शन हे शब्द इतके जुळे आहेत, की शहाणे डॉक्टर पहिली अक्षरं सुटी करून ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ असं म्हणतात.

औषधांच्या नावांत तर कंपन्यांनीच गोंधळ पेरून ठेवला आहे. सेलेब्रेक्स सांध्यांच्या दुखण्यावर, सेलेक्सा नैराश्यावर, सेरेबिक्स फिट्सवर. अमेरिकेत ‘लोसेक’ हे आम्लपित्ताचं औषध ‘लेझिक्स’ या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी इतकं घोटाळू लागलं, की १९९०मध्ये त्याचं नाव प्रायलोसेक करावं लागलं. आपल्याकडं हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला: ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरच्या दोन औषधांच्या खटल्यात २००१ साली न्यायालयानं सांगितलं, की नावांच्या साधर्म्याची कसोटी औषधांच्या बाबतीत इतर मालापेक्षा कडक हवी. साबणाच्या वडीत फसलं तर पैसे जातात. इथं जीव जातो.

डमडम स्वतःच या शब्दकोशात आहे, हे एम.टी.चा अभ्यास करणाऱ्यांना उशिरा कळतं. इथल्या छावणीत आजारी पडून मायदेशी पाठवलेला एक ब्रिटिश सैनिक १९००मध्ये नेटली इथल्या लष्करी रुग्णालयात मरण पावला. विल्यम लीशमन यांना त्याच्या प्लीहेत बारीक गोलसर कण दिसले. त्यांनी ते १९०३मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासेत चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच दिसले आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावं जोडून परजीवीचं बारसं केलं, लीशमानिया डोनोव्हनी. रोग म्हणजे काळा आजार. त्याचं जुनं इंग्रजी नाव ‘डमडम फीव्हर’. त्यावरचं एक परिणामकारक औषध, युरिया स्टिबामाइन, १९२०मध्ये उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यातच शोधलं. आता हे सारं डिक्टेशनमध्ये कसं येतं? डॉक्टर लीशमन-डोनोव्हन म्हणत बसत नाही. तो म्हणतो, ‘एल.डी. बॉडीज’. काळा आजार ज्यानं कधी ऐकलेला नाही, त्याच्या कानाला एल.डी.चं काहीही होऊ शकतं. संक्षेपांची ही खोड सगळीकडं आहे: एम.एस. म्हणजे हृदयाच्या झडपेचं आकुंचन, की मज्जासंस्थेचा मल्टिपल स्क्लेरॉसिस, की मॉर्फिन सल्फेट, की मॅग्नेशियम सल्फेट? कार्डिओलॉजिस्ट बोलतोय की न्यूरोलॉजिस्ट, हे आधी पाहायचं.

मग आकडे. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला ‘न’ फोनच्या तारेत सहज बुडतो. म्हणून चांगला डॉक्टर आकडा फोडून सांगतो: ‘एक-पाच, पंधरा’. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४मध्ये न वापरायच्या खुणांची यादीच काढली. युनिटसाठी नुसतं ‘यू’ लिहायचं नाही, कारण ते शून्यासारखं दिसतं. पूर्णांकानंतर दशांशचिन्ह आणि शून्य नको, कारण ठिपका दिसला नाही तर एकाचे दहा होतात. उलट, अपूर्णांकाच्या ठिपक्याआधी मात्र शून्य हवंच. मॉर्फिन आणि मॅग्नेशियमचे ते संक्षेपही याच यादीत बाद झाले.

शून्याचं मोल अलाबामा राज्यातल्या एका प्रकरणात दिसलं. २००८ साली रुग्णालयातून सुटलेल्या एका मधुमेही महिलेच्या कागदांवर इन्शुलिनची मात्रा आठ युनिटऐवजी ऐंशी युनिट अशी उतरली. पुढच्या शुश्रूषागृहात कागदावर होतं तेच दिलं गेलं आणि ती दगावली. डिक्टेशनचं काम एका कंपनीकडून दुसरीकडं, तिथून पुढं भारतात असं उतरत गेलं होतं. २०१२मध्ये ज्यूरीनं १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. या प्रकरणात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की ‘ऐंशी’ हा आकडा कागदावर अजिबात विचित्र दिसत नव्हता. औषधाचं नाव बरोबर, वाक्य बरोबर, स्पेलिंग बरोबर. अगम्य शब्द टाइप झाला असता तर कोणीतरी थबकलं असतं.

या कसबाचं मर्म इथं आहे. जे ऐकू आलं नाही, तिथं शोभेलसा शब्द बसवण्याचा मोह आवरायचा आणि जागा रिकामी सोडायची. एम.टी. तिला ‘ब्लँक’ म्हणतात. अधोरेषा, शेजारी फाइलमधली मिनिट-सेकंदाची खूण, आणि गरज वाटली तर एक टीप: अमुकसारखं ऐकू येतं, आधी उजवा आणि नंतर डावा म्हटलं आहे, कृपया तपासा. फाइल मग क्यूएकडं, म्हणजे अधिक अनुभवी कानाकडं जाते. त्यालाही उलगडलं नाही तर ब्लँक तसाच डॉक्टरकडं परततो. डॉक्टर वैतागतात. पण दोन तपासण्यांतून टिकून परत गेलेला ब्लँक म्हणजे सचोटीनं केलेलं काम, असंच म्हटलं पाहिजे.

धंद्याचं गणित मात्र ब्लँकच्या विरोधात जातं. मोजणी ओळींवर चालते, आणि ओळ म्हणजे पासष्ट अक्षरं, मधल्या जागा धरून. वर टॅटचा, म्हणजे फाइल परत देण्याच्या मुदतीचा काटा: साध्या फाइलला चोवीस तास, तातडीच्या ‘स्टॅट’ फाइलला दोन-चार. एका शब्दासाठी दहा मिनिटं मागं-पुढं ऐकत बसणाऱ्याचं ओळींचं खातं आटतं. अंदाज मारून पुढं जाणाऱ्याचं फुगतं. चुका धरणाऱ्या तक्त्यात ब्लँकचेही गुण कापले जातात. कापायला हरकत नाही, आळशी माणूस सगळीकडंच ब्लँक टाकेल. पण चुकलेला अंदाज पकडला गेला तरच गुण जातात आणि ब्लँकचे मात्र हमखास, ही मांडणी शिकाऊ माणसाला काय शिकवते ते उघड आहे.

भारतात हा धंदा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगळूरकडून फोफावला. अमेरिकेत संध्याकाळी बोललेलं इथं दिवसा टाइप व्हायचं आणि डॉक्टर सकाळी येतो तोवर अहवाल तयार. २०००च्या आसपास पुणे-मुंबईत एम.टी.चे क्लास निघाले, बी.एस्सी. झालेल्या, बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. केलेल्या कितीतरी मुलामुलींनी त्यात नशीब आजमावलं. शरीररचना त्यांना ठाऊक होती. कान बसायला सहा महिने लागत. कानाचं शिक्षण हे खरं शिक्षण. टेक्सासचा लांबवलेला स्वर वेगळा, कोरियन सर्जनचं इंग्रजी वेगळं, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या तेलुगू डॉक्टरची फाइल आली की हैदराबादचा एम.टी. सुखावायचा. ऐकणाऱ्याच्या मातृभाषेचाही हिशेब आलाच. बंगाली कानाला ‘व’ आणि ‘ब’ जवळचे, मराठी कानाला इंग्रजीतले दोन ‘व’ एकच. व्हेन आणि वेन यांत मराठी माणूस बिचकतो, व्हेन आणि बेन यांत बंगाली. म्हणून औषधाची नावं कानावर सोडायची नाहीत, मात्रा आणि आजार जुळतो का ते संदर्भग्रंथात पाहूनच टाइप करायची, असा चांगल्या ऑफिसांचा दंडक असे.

आपल्या इथल्या रुग्णालयांत हेच काम वेगळ्या थाटात चालतं. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत रेडिओलॉजिस्टचा एक हात रुग्णाच्या पोटावर, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर टायपिस्ट. डॉक्टर यकृताचा आकार, मूत्रपिंडाची मापं इंग्रजीत सांगत जातो. पेशंटला ‘श्वास रोखून धरा, काका’ हे मराठीत. टायपिस्टनं आधीच्या पेशंटची फाइल उघडून त्यावरच बदल करायला घेतलेले असतात. हीच धोक्याची जागा: पित्ताशय काढलेल्या माणसाच्या अहवालात ‘पित्ताशय नॉर्मल’ शिल्लक राहतं. पण इथं एक मोठी सोय आहे. शंका आली तर टायपिस्ट मान वळवून विचारतो, ‘सर, लेफ्ट ना?’ सातासमुद्रापलीकडच्या एम.टी.ला ही मान वळवता येत नाही, म्हणून तर तो ब्लँक.

गेल्या दीड दशकात अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक नोंदींनी आणि आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनी हे काम पालटून टाकलं. एम.टी. आता टाइप कमी करतो, यंत्रानं टाइप केलेलं ऐकून दुरुस्त जास्त करतो. त्याची गरज किती, याचं मोजमाप २०१८मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात आलं. डॉक्टरांच्या २१७ नोंदी तपासल्या होत्या. यंत्राच्या कच्च्या मजकुरात दर शंभर शब्दांमागं सातांहून अधिक चुका होत्या. माणसाच्या तपासणीनंतर त्या ०.४वर आल्या. डॉक्टरनं सही करेपर्यंत ०.३. म्हणजे मधला जवळजवळ सगळा पल्ला त्या पगारी कानानंच मारला होता.

नव्या पिढीची यंत्रं आणखी सफाईनं लिहितात, आणि काळजी आहे ती या सफाईचीच. ‘व्हिस्पर’ या प्रणालीवरच्या २०२४च्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कोणी उच्चारलीच नव्हती अशी वाक्यं सापडली. बोलणारा थांबला, अडखळला, शांतता पसरली, की यंत्र तिथं घडीव वाक्य भरून टाकी. दुरुस्ती करणाऱ्याचं काम त्यामुळं जड झालं आहे: व्याकरण निर्दोष, कुठं खूण नाही, तेव्हा डोळ्यांनी वाचून काही सापडत नाही, फाइल पहिल्यापासून कानानं ऐकावीच लागते. आणि त्याच वर्षी अशीही बातमी आली, की दवाखान्यात वापरलं जाणारं अशा प्रकारचं एक सॉफ्टवेअर मजकूर तयार झाल्यावर माहितीच्या सुरक्षिततेसाठी मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकतं.