मांजरांचे गजकर्ण

मांजराच्या कानांवर, तोंडाभोवती किंवा पुढच्या पायांवर केस झडून गोल चट्टे पडले आणि त्यांवर राखाडी कोंडा धरला, तर बहुधा ते गजकर्ण असते, म्हणजे केसांतील केराटीन या प्रथिनावर जगणाऱ्या बुरशीचा आजार. मांजरांत तो मुख्यतः मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो आणि माणसांनाही लागतो. मात्र केस गळाले की बुरशीच, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात माणसांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा आधी बुरशीचा संशय घेतला गेला आणि पुढे रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले.

मांजराच्या बाबतीत पशुवैद्यक वूडच्या दिव्याने, म्हणजे विशिष्ट अतिनील प्रकाशाने, केस पाहतात आणि बाधित केस हिरवट चमकतात. पण न चमकल्याने आजार नाही असे सिद्ध होत नाही, म्हणून कोऱ्या टूथब्रशने अंगभर विंचरून त्यात अडकलेले केस व कोंडा यांतून बुरशी वाढवून पाहतात, ज्याला दोन-तीन आठवडे लागतात.

घरात तीन-चार मांजरे असतील, तर चट्टे नसलेल्यांचीही तपासणी आवश्यक ठरते, कारण एकमेकांना चाटताना बीजाणू, म्हणजे बुरशीची सूक्ष्म बीजे, निरोगी दिसणाऱ्या अंगावरही बसतात. बाधित मांजर वेगळ्या खोलीत ठेवून त्याला वजनानुसार इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध पोटातून आणि आठवड्यातून दोनदा चुना-गंधकाच्या द्रावणाचे अंगधावन, असा दुहेरी उपचार केला जातो. द्रावणाला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, हे घरच्यांनी आधीच गृहीत धरलेले बरे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम मात्र चट्टा फिका करते आणि बुरशी राखते.

गळलेल्या केसांवरचे बीजाणू वर्षभराहून अधिक टिकू शकतात. त्यामुळे गोधडी, पोते आणि ओटा यांवरचे केस रोज उचलून गोधडी साबणाने दोनदा धुवावी लागते; नुसते ऊन दाखवणे पुरेसे नाही. फरशी आधी साबणाने धुऊन मग पातळ केलेल्या ब्लीचने पुसावी आणि वाळल्यावरच मांजरे आत सोडावीत. काळे फिनेल येथे वापरू नये, कारण त्यातील फिनॉलसदृश द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही आणि पंजे चाटून ती पोटात जातात.

चट्ट्यावर केस उगवले तरी उपचार थांबवायचे नसतात. तपासणीत बुरशी वाढत नाही असे दिसल्यावरच पशुवैद्यक औषध बंद करतात आणि वेगळे ठेवलेले मांजर इतरांत सोडू देतात.