पित्ताचा निरोप आणि मूत्रपिंड

बुलडाणा जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला गेलात तर कितीतरी विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. हाच खारपाणपट्टा. पुढे तो अकोला-अमरावतीपर्यंत गेला आहे. या गावांतून किडनीच्या आजाराच्या तक्रारी बरीच वर्षं येत आहेत. म्हणून आज मूत्रपिंडाविषयी दोन गोष्टी सांगतो: एक नवी, एक जुनी.

आपली दोन मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी रक्तात परत जातं, लघवीवाटे जातं ते फक्त दीड-दोन लिटर. किती पाणी राखायचं, हे शरीरातल्या निरोपांवर ठरतं.

असा एक निरोप पित्त देतं, ही नवी गोष्ट. ‘पित्त झालं’ असं आपण आंबट ढेकर आली की म्हणतो. पण खरं पित्त यकृतात तयार होतं आणि स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतं. पेशीच्या केंद्रकात ‘एफएक्सआर’ नावाचं एक प्रथिन असतं. ते जणू कुलूप, आणि पित्तातली आम्लं ही त्याची किल्ली. किल्ली लागली की काही जनुकांचं काम सुरू होतं, काहींचं थांबतं. हे १९९९ साली कळलं. हे कुलूप मूत्रपिंडातही आहे. ज्या उंदरांत ते नव्हतं त्यांना पाणी नीट राखता येईना, लघवी पातळ होई, असं २०१४ साली दिसलं. मधुमेही उंदरांत ते जागं केल्यावर मूत्रपिंडातली चरबी, दाह आणि व्रण कमी झाले.

पण उंदीर तो उंदीर. माणसाच्या किडनीसाठी यातून रूढ औषध अजून निघालेलं नाही. उलट, औषध म्हणून रोहू माशाचं कच्चं पित्ताशय गिळल्यानं किडनी एकाएकी निकामी झालेले रोगी डॉक्टरांनी पाहिले आहेत. तेव्हा असले उपाय नकोत.

आता जुनी गोष्ट. मूत्रपिंड बरंचसं बिघडेपर्यंत कुरकुर करत नाही. मधुमेह आणि रक्तदाब हे त्याचे मोठे वैरी. कंबर धरली की वेदनाशामक गोळी, पाणी खारट म्हणून उन्हातही कमी पिणं, हेही बाधतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून क्षार जात नाहीत. गुरुजींनी वर्गात दोन वाट्यांत विहिरीचं आणि नळाचं पाणी सारखंच घेऊन आटवावं. तळाशी उरलेला पांढरा थर मुलं विसरणार नाहीत.

वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं. पित्ताच्या निरोपाचं औषध येईल तेव्हा येईल. रक्त-लघवीचा निरोप आजच मिळतो, तो वेळेवर ऐकावा.