जुना लॅपटॉप घेताय? आधी बॅटरीची तब्येत पाहा

कॉलेजचे ॲडमिशन झाले की घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. नवा परवडत नाही, म्हणून अनेक जण सेकंड हॅन्ड घेतात. दुकानात चार्जर लावलेला असतो, मशीन झकास चालते. घरी आणून वायर काढली की अर्ध्या तासात बंद! मग नव्या बॅटरीचा खर्च वेगळा.

असे का होते? लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात आणि वापरताना बाहेर पडतात. ग्रॅफाइटच्या या वापराचा पाया घालणारे शास्त्रज्ञ रशीद याझमी मोरोक्कोतील फेस शहराचे. या कामासाठी २०१४ मध्ये त्यांना इतर तिघांसोबत ड्रेपर पुरस्कार मिळाला.

ग्रॅफाइटवर हळूहळू एक पातळ थर जमतो. तो वाढत जातो आणि थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. त्यामुळे स्क्रीनवर १०० टक्के दिसले, तरी ते उरलेल्या क्षमतेचे १०० टक्के असतात, मूळ क्षमतेचे नाहीत.

खरी स्थिती पाहणे सोपे आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून स्लॅश आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करून एंटर दाबा. रिपोर्टची फाइल तयार होते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे बघा. समजा पहिला ४०,००० आणि दुसरा २६,००० आहे, तर बॅटरी ६५ टक्केच उरली. भाव ठरवताना हाच आकडा पुढे ठेवा.

बॅटरीचा मोठा दुश्मन म्हणजे उष्णता. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, हवेची जागा बंद होते. दिवसभर चार्जरवरच काम असेल आणि सेटिंगमध्ये सोय असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. 'पूर्ण रिकामी करूनच चार्ज करा' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता, तो इथे चालत नाही. महिनाभर वापरायचा नसेल तर अर्धा चार्ज ठेवून बंद करा.

टचपॅड वर आला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असू शकते. अशी बॅटरी आग लावू शकते. चार्जिंग ताबडतोब थांबवा, ती टोचू किंवा दाबू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा. कचऱ्यातही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

शेवटी एक गोष्ट विकणाऱ्यांसाठी. मालातला ऐब लपवू नये, ही आपली दीनी तालीम आहे. जुना लॅपटॉप विकताना बॅटरीचा रिपोर्ट स्वतःहून दाखवा. घेणाराही कुणाच्या तरी शिक्षणासाठीच पैसे जमवून आलेला असतो.